फोटोशॉप परवडत नाही? आधी काम कोणतं ते कागदावर लिहा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतंच, "मामा, फोटोशॉप फुकट कुठून मिळेल?" मागच्या खेपेला भाचीने विचारलं. तिला बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता, फोटो अपलोड होत नव्हता, साइज बसत नाही म्हणून लाल अक्षरात एरर येत होता, आणि एवढ्या कामासाठी पोरगी रात्री अकरा वाजता क्रॅक (पैसे न भरता चालवायची चोरीची कॉपी) शोधत बसली होती, तेही बापाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर. मला आधी हसू आलं आणि मग लॅपटॉप कोणाचा ते कळल्यावर घाम फुटला.

क्रॅकचं एकदाच सांगतो आणि विषय बंद करतो. मीही टाकलाय, पूर्वी. त्याबरोबर आलेल्या टेक्स्ट फाईलमधली पहिली ओळ होती की आधी अँटीव्हायरस बंद करा. मी शहाण्यासारखा बंद केला आणि आठ-दहा दिवसांत माझ्या मेलचा पासवर्ड दुसऱ्याच कोणीतरी बदललेला होता. चोराने सांगावं कडी काढून ठेवा आणि आपण काढून ठेवावी, तसलाच प्रकार. फुकटात चांगल्या वस्तू मिळत असताना हे करायची काही गरजच नाहीये.

आणि ज्यांना वाटतं की चला सात दिवसांची ट्रायल घेऊ, काम उरकू आणि सोडून देऊ, त्यांनी कार्ड नंबर टाकायच्या आधी प्लॅनचं नाव नीट वाचा. फोटोशॉप एकदाच पैसे भरून घ्यायचे दिवस गेले. २०१२ चं सीएस६ हे तसं मिळणारं शेवटचं, २०१३ पासून सगळा भाड्याचा मामला आहे. त्यात एक प्लॅन असतो की करार वर्षभराचा पण पैसे दर महिन्याला. तो पहिल्या १४ दिवसांनंतर मधेच सोडला की उरलेल्या महिन्यांच्या रकमेतले ५० टक्के भरावे लागतात. अमेरिकेत तिथल्या सरकारने २०२४ मध्ये याच गोष्टीवरून फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबी कंपनीवर खटलाही भरला होता. तुमचं पोट फोटोशॉपवर असेल तर भाडं जरूर भरा, सॉफ्टवेअर उत्तमच आहे. पण हा लेख तुमच्यासाठी नाही.

पायरी पहिली: काम लिहा

"फोटोशॉपला पर्याय कोणता" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. फोटोशॉप म्हणजे मोठं किराणा दुकान, तुम्हाला हवंय पाव किलो पोहे. म्हणून एक कागद घ्या आणि गेल्या तीन महिन्यांत फोटोचं काय काय काम पडलं ते लिहा. खरं खरं लिहा, "पुढे कधीतरी डिझायनिंग शिकणार आहे" हे लिहू नका.

बहुतेकांच्या कागदावर हेच निघतं: फॉर्मसाठी फोटो-सही बारीक करणं, मागचं बॅकग्राउंड काढणं, अंधारात काढलेला फोटो उजळणं, मंडळाचा किंवा वाढदिवसाचा बॅनर, दुकानाच्या मालाचे फोटो. थोड्यांच्या कागदावर चित्रं काढणं असतं, थोड्यांच्या लग्नाचे फोटो. या प्रत्येकाला वेगळं हत्यार आहे आणि बहुतेक सगळी फुकट आहेत.

नुसता फोटो उजळायचाय? कॉम्प्युटर लावूच नका, फोनवर स्नॅपसीड टाका. गूगलचं आहे, फुकट आहे, फोटोवर कोपऱ्यात स्वतःचं नाव छापत नाही. नुसतं बॅकग्राउंड काढायचंय आणि विंडोज ११ आहे? मग तुमच्याकडचं साधं पेंट उघडून बघा. होय, तेच पेंट ज्यात आपण शाळेत घर, डोंगर आणि नदी काढायचो. २०२३ पासून त्यात लेयर (एकावर एक ठेवायचे थर) आले आणि बॅकग्राउंड काढायचं बटनही आलं. केसांच्या कडा थोड्या कापल्यासारख्या येतात, पण दुकानातली चप्पल किंवा लोणच्याची बरणी असेल तर मस्त निघते.

पायरी दुसरी: मशीन बघा

जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, त्यात क्रोमचे वीस टॅब उघडे. अशा मशीनवर काहीही टाकलं तरी रडणारच. अशांनी आधी फोटोपी वापरून बघा. काही इन्स्टॉल करायचं नाही, ब्राउझरमध्येच उघडतं आणि दिसायला इतकं फोटोशॉपसारखं आहे की यूट्यूबवरचे फोटोशॉपचे धडे बऱ्यापैकी तसेच्या तसे चालतात. इव्हान कुत्स्किर नावाच्या एका माणसाने २०१३ मध्ये हे सुरू केलं आणि बरीच वर्षं एकट्यानेच चालवलं. बाजूला जाहिराती दिसतात, त्यावरच त्याचं चालतं, पैसे भरले की जाहिराती जातात. मला आवडलेली गोष्ट अशी की ब्राउझरमध्ये असूनही तुमचा फोटो त्यांच्या सर्व्हरवर जात नाही, सगळं काम तुमच्याच मशीनवर होतं. कोणाच्या आधार कार्डाचा फोटो कापायचा असेल तर हे महत्त्वाचं आहे, कारण गूगलवर "फोटो रिसाइज" टाकून जी पहिली साइट दिसेल तिच्यावर लोक बिनधास्त आधार-पॅन चढवतात.

अजून एक, कोणी तुम्हाला पीएसडी (फोटोशॉपची मूळ) फाईल पाठवली आणि ती उघडायची कशी हा प्रश्न असेल तर फोटोपीमध्ये ती लेयरसकट उघडते. माझं फोटोपी वापरणं निम्मं तेवढ्याचसाठी होतं.

मशीन बरं असेल, ८ जीबी रॅम असेल, तर गिम्प घ्या. हे सगळ्यात जुनं आणि खरं घोडं. १९९५ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी, सुरू केलं. गंमत म्हणजे गिम्पची बटनं-खिडक्या काढण्यासाठी म्हणून त्यांनी जो सांगाडा बनवला त्याच्यावरच पुढे लिनक्सवरचे कितीतरी प्रोग्रॅम उभे राहिले. मार्च २०२५ मध्ये ३.० आलं. त्याआधीचं २.१० हे २०१८ चं, म्हणजे मोठ्या व्हर्जनसाठी सात वर्षं वाट बघायला लावली पठ्ठ्यांनी. जुन्या व्हर्जनवर शिव्या देऊन सोडून गेला असाल तर एकदा परत बघा, आता ब्लर-बिर लावल्यावर तो नंतरही बदलता किंवा काढता येतो, पूर्वी एकदा लावला की लागला.

डाउनलोड मात्र गिम्पच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. फुकट सॉफ्टवेअरच्या बाबतीत दोन फसवणुका ठरलेल्या आहेत. एक म्हणजे मिळत्याजुळत्या नावाच्या साइट, सर्चमध्ये जाहिरात म्हणून सगळ्यात वर येतात, आणि दुसरी म्हणजे पानावरची मोठ्ठी हिरवी डाउनलोड बटनं, जी जाहिरातीच असतात. खरं बटन बहुतेक वेळा बारीक आणि गरीब दिसणारं असतं. आणि हो, क्रिटा (चित्रं काढायचं) किंवा पेंट डॉट नेट (फोटो सुधारायचं) हे मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर पैसे लावून दिसतात, तेव्हा दचकू नका. तीच वस्तू त्यांच्या स्वतःच्या साइटवर फुकट आहे. स्टोअरवर घेतलंत तर बनवणाऱ्यांना मदत होते इतकंच.

पायरी तिसरी: मराठी नीट उमटतंय का ते पहिल्याच दिवशी बघा

ही पायरी इंग्रजी धड्यांमध्ये कुठेच सापडणार नाही आणि आपल्याला सगळ्यात जास्त तीच नडते. मंडळाच्या शिवजयंतीचा बॅनर मी एकदा एका छोट्याशा प्रोग्रॅममध्ये केला, नाव राहू दे. रात्रीचा एक वाजलेला, डोळ्यांवर झोप, फाईल फ्लेक्सवाल्याला पाठवून दिली. सकाळी त्याचा फोन, "दादा, हे काय लिहिलंय बघा जरा." उघडून बघतो तर शिवजयंतीच्या जागी "शविजयंती". वेलांटी उडी मारून श च्या पुढे जाऊन बसलेली. छापून चौकात लागलं असतं तर मला गाव सोडावं लागलं असतं. त्या ऑपरेटरला मी अजून दर दिवाळीला फराळ पाठवतो.

होतं काय, की देवनागरीत पहिली वेलांटी टाइप होते अक्षराच्या नंतर पण दिसायला हवी अक्षराच्या आधी, रफार टाइप होतो आधी पण चढतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, आणि जोडाक्षरं तर विचारूच नका. ही हलवाहलवी सॉफ्टवेअरने करायची असते. काहींना ती येत नाही, कारण बनवणाऱ्याने इंग्रजीपलीकडे बघितलेलंच नसतं.

म्हणून कुठलंही नवं सॉफ्टवेअर टाकलं की मी आधी एक ओळ टाइप करतो: "शिवाजी, मूर्ती, श्री, ज्ञान, विठ्ठल, दुसऱ्या, वाऱ्यावर, ऱ्हास, कर्तृत्व". तुम्हीही हीच ओळ वापरा. शि ची वेलांटी आधी आली का, मूर्ती मधल्या ती वर रफार चढला का, आणि मुख्य म्हणजे ऱ्या. हा अर्धा र आपला मराठीचा खास, हिंदीवाल्यांना तो लागत नाही, त्यामुळे हिंदीवर टेस्ट केलेली सॉफ्टवेअर आणि फॉन्ट बरोबर इथेच आपटतात आणि दुसऱ्या चं "दुसर्या" करून ठेवतात. फोटोशॉपच्या जुन्या व्हर्जनमध्येही सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई भाषांचं टेक्स्ट इंजिन निवडावं लागायचं बरं का, नाहीतर तिथेही हाच गोंधळ. गिम्प आणि इंकस्केप (बॅनरचं सॉफ्टवेअर, त्याचं पुढे येईलच) या परीक्षेत बिनघोर पास होतात.

गिम्पमध्ये अजून एक बारकावा. टेक्स्ट टूलच्या ऑप्शनमध्ये खाली भाषा निवडायची जागा असते, तिथे मराठी निवडा. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये तेवढ्याने ल आणि श आपल्या वळणाचे होतात, नाहीतर हिंदी पुस्तकातल्यासारखा ल येतो आणि बॅनर उगाच परका वाटतो. मला तो ल खुपतो, घरात बाकी कोणाला फरकच कळत नाही, तो भाग वेगळा.

फॉन्टचं म्हणाल तर गूगल फॉन्ट्सवर भरपूर आहेत आणि तेही फुकट, धंद्यासाठी वापरले तरी चालतात. मुक्त आणि बलू हे मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्टवाल्यांनी केलेले, मुक्त साध्या मजकुराला आणि बलू गुबगुबीत, वाढदिवसाच्या बॅनरला. टिरो देवनागरी मराठी नावाचा तर खास मराठीसाठीच काढलेला आहे, पत्रिकेला छान दिसतो. फक्त जुने श्रीलिपी किंवा तसले युनिकोड (फोनवर आपण टाइप करतो ती पद्धत) नसलेले फॉन्ट कोणाच्या पेनड्राइव्हवरून आणू नका. फोनवर टाइप केलेला मजकूर त्यांच्यात पेस्ट केला की अगम्य चिन्हांचा किंवा रिकाम्या चौकोनांचा पाऊस पडतो.

पायरी चौथी: एक काम शेवटपर्यंत करून बघा

नुसती बटनं दाबत बसलात तर दोन दिवसांत कंटाळाल. भाचीचंच काम घेऊ. बँकेच्या म्हणजे आयबीपीएसच्या फॉर्मला फोटो लागतो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. दुसऱ्या परीक्षांची मापं वेगळी असतात, ती त्या-त्या जाहिरातीत बघा.

गिम्पमध्ये फोटो उघडा. शिफ्ट आणि सी दाबलं की क्रॉप टूल येतं. त्याच्या ऑप्शनमध्ये फिक्स्डवर टिक करा, अ‍ॅस्पेक्ट रेशो ठेवा आणि खालच्या चौकटीत २००:२३० लिहा (गिम्पमध्ये आकडे अर्थातच इंग्रजीत टाका). आता चेहऱ्याभोवती चौकट ओढली की ती कशीही ओढली तरी त्याच मापात राहते. एंटर. मग इमेज मेनूमध्ये स्केल इमेज, रुंदी २००, उंची आपोआप २३० होते, नाही झाली आणि २२९ आली तर साखळीचं चिन्ह तोडून हाताने २३० करा, एका पिक्सेलने चेहरा काही लांब होत नाही.

आता सेव्ह. इथे नवे लोक हमखास अडकतात. गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ नावाची फाईल होते, ती गिम्पची स्वतःची, लेयर वगैरे जपून ठेवणारी, फॉर्मची साइट ती घेणार नाही. जेपीजी हवी तर एक्सपोर्ट करायचं: कंट्रोल, शिफ्ट आणि ई. नावाच्या शेवटी जेपीजी लिहा, एक्सपोर्ट दाबा, मग क्वालिटीची पट्टी येते. तिथे प्रीव्ह्यू दाखवा अशी टिक आहे ती करा, म्हणजे पट्टी हलवताना फाईल किती केबीची होतेय ते तिथल्या तिथे दिसतं. लोकांना वाटतं फाईल मोठी होण्याचीच भीती आहे, पण एवढ्या छोट्या फोटोत उलटंच होतं, ८० क्वालिटीला फाईल २० केबीच्या खाली जाते आणि साइट म्हणते फारच लहान. मग ९५ पर्यंत न्या.

सहीला तर हा त्रास जास्तच. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने सही करा, उजेडात फोटो काढा, आणि गिम्पमध्ये कलर्स मेनूतलं लेव्हल्स उघडा. तिथे तीन ड्रॉपर दिसतात, त्यातला पांढरा घेऊन कागदाच्या कोऱ्या भागावर क्लिक करा. पिवळट-करडा कागद झटकन पांढरा होतो आणि सही उठून दिसते. भाचीने हे पाहिलं तेव्हा "हे फिल्टर कुठलं?" म्हणाली. फिल्टर नाही गं बाई, नुसतं सांगितलं की हे पांढरं समज. मग १४० बाय ६० करून क्वालिटी १०० ला न्या आणि तरी १० केबी भरत नसेल तर माप दुप्पट, २८० बाय १२० ठेवा. ते पिक्सेलचं माप "असलं तर बरं" अशा प्रकारचं दिलेलं असतं, केबीची हद्द मात्र पक्की.

याच रीतीने पासपोर्ट साइज फोटोही घरी होतात. ३५ बाय ४५ मिमी म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ४१३ बाय ५३१ पिक्सेल. ४ बाय ६ इंचाच्या कागदावर, म्हणजे १८०० बाय १२०० पिक्सेलवर, आडव्या चार आणि उभ्या दोन ओळीत आठ बसतात. स्टुडिओत जाऊन तो एक कागद प्रिंट करून घ्या.

पायरी पाचवी: बॅनर गिम्पमध्ये करू नका

मी केलेत, म्हणून सांगतोय. १० बाय ४ फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला धरला तरी ८६४० बाय ३४५६ पिक्सेल होतो, त्यात पंधरा लेयर, कार्यकर्त्यांचे बारा फोटो, आणि अध्यक्षांचा फोटो थोडा मोठा करा असा तीनदा निरोप. जुनं मशीन हात टेकतं.

बॅनरला इंकस्केप वापरा, ते कोरलड्रॉच्या जातीचं, अक्षरं आणि आकार रेषांच्या रूपात ठेवतं त्यामुळे कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. २००३ पासून आहे, पूर्ण फुकट. पान एक दशांश मापाचं घ्या, म्हणजे १२ बाय ४.८ इंच, फ्लेक्सवाला दहापट करून घेतो. फोटो मात्र मूळ मोठेच टाका, व्हॉट्सअ‍ॅपवरून डॉक्युमेंट म्हणून मागवा, साधे पाठवलेले बारीक होऊन येतात. फोटोंचं कापणं-उजळणं आधी गिम्पमध्ये किंवा फोटोपीमध्ये करून मग इंकस्केपमध्ये आणायचे.

ज्यांना सगळं एका ठिकाणी हवं त्यांनी अ‍ॅफिनिटी बघावं. हे ब्रिटिश सॉफ्टवेअर आधी एकरकमी पैशांत मिळायचं, २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइनवाल्या कॅनव्हाने ते बनवणारी कंपनी घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून फुकट केलं. खातं मात्र कॅनव्हाचं लागतं आणि एआयच्या करामतींना पैसे. ताकदवान आहे, प्रश्नच नाही, पण पहिल्या दोन व्हर्जनमध्ये देवनागरीची जुळणी नव्हती, त्यामुळे वरची टेस्टची ओळ टाइप केल्याशिवाय त्यात मराठी काम हातात घेऊ नका.

चित्रं काढणाऱ्यांना क्रिटा, दुसरं काही बघूच नका. कॅमेऱ्याच्या रॉ (कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या) फाईल असतील तर डार्कटेबल, पण ते शिकायला वेळ लागतो, आठवडाभर तरी द्या. लग्नपत्रिका किंवा स्मरणिका ऑफसेटवर छापायची असेल तर स्क्रायबस, कारण छापखान्याला सीएमवायके (चार शाईंचे रंग) लागतं आणि गिम्प-इंकस्केपचं मूळ काम आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) चालतं. फ्लेक्सला आरजीबी चालून जातं, मशीनचं सॉफ्टवेअरच बदल करून घेतं, फक्त स्क्रीनवरचा झगझगीत भगवा छापून आला की थोडा उतरलेला दिसतो, तेवढी मनाची तयारी ठेवा.

फाईल देताना

इंकस्केपची मूळ फाईल स्वतःकडे ठेवा. मग तिची एक कॉपी करा, त्या कॉपीत सगळं सिलेक्ट करून पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ दाबा. अक्षरांचे आकार होतात, मग फ्लेक्सवाल्याकडे तो फॉन्ट नसला तरी काही बिघडत नाही. पण त्यात नाव सुधारता येत नाही, म्हणूनच मूळ वेगळी ठेवायची. या कॉपीची पीडीएफ करा आणि ती पाठवा. तो सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) मागेल, सवय असते, सांगा की पीडीएफ कोरलमध्ये उघडते.

आणि छापायच्या आधी त्याच्या स्क्रीनचा फोटो मागवा, तुमच्या नव्हे, त्याच्या. तो घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याने ती फाईल आधी कधीच पाहिलेली नाही. आमच्याकडे हे खातं आईकडे आहे. चष्मा लावून ती आधी वेलांट्या बघते, आणि मग विचारते की आपल्या अण्णांचं नाव इतकं खाली का टाकलंय.